नाचता येईना मेश वाकडी: ताणलेल्या, तिरक्या जाळीवर एररचा अंदाज कसा बांधायचा?

जाळीदार
सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, धागा जरा धंदेवाईक आहे. कंटाळा आला तर खुशाल पुढच्या धाग्यावर जा.

मी पुण्यात सीएफडी करतो, म्हणजे जागेचे बारीक तुकडे (सेल) पाडून त्या जाळीवर (मेश) प्रवाहाचं आणि उष्णतेचं गणित संगणकावर सोडवतो. सध्या हातात बॅटरीखालची कूलिंग प्लेट आहे. ॲल्युमिनियमची, आत ८ मिलिमीटर रुंद नागमोडी वाहिनी, वळणांची त्रिज्या १० मिलिमीटर. पाणी-ग्लायकॉल २५ अंशांना आत शिरतं. ग्राहकाला दोन आकडे हवेत: वाहिनीतली दाबाची घट आणि प्लेटचं कमाल तापमान. यंदा त्यांनी नवीन अट घातली आहे, प्रत्येक आकड्यापुढे 'मेशमुळे एवढी त्रुटी' असं लिहून द्या. नुसतं 'ग्रिड इंडिपेंडन्स झाला' (मेश आणखी बारीक केली तरी उत्तर हलत नाही) चालणार नाही. अट रास्त आहे, माझी तक्रार नाही.

तर मी पुस्तकी पद्धतीने तीन मेश केल्या. पृष्ठभागावरची कड २ मिमी, १ मिमी, ०.५ मिमी. भिंतीलगत प्रिझम थर (भिंतीला समांतर चपट्या सेलचे): पहिला थर ०.०१ मिमी, वाढीचा दर १.२, एकूण १८ थर. वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या सेलचं एककरहित अंतर) १ च्या आसपास.

दाबाची घट: ४१२, ४३१, ४३६ पास्कल. ऑर्डर (मेशची कड निम्मी केली की त्रुटी दोनच्या कितव्या घाताने घटते) काढली तर १.९३ येते, जीसीआय (ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स, मेशमुळे येणाऱ्या त्रुटीचा अंदाज) ०.५ टक्के. पाठ्यपुस्तकात छापावं असं.

कमाल तापमान: ६८.४, ७१.९, ७०.२ अंश. वर जातं, खाली येतं. ऑर्डर काढायला गेलं तर लॉगच्या आत ऋण संख्या.

भिंतीजवळ ॲस्पेक्ट रेशो (सेलची लांबी भागिले जाडी) जाड मेशमध्ये २०० आहे, आणि वळणाच्या आतल्या फिलेटपाशी (गोलावलेल्या कोपऱ्यापाशी) शंभर-दीडशे सेल बऱ्यापैकी तिरके आहेत. बॉस म्हणतो, 'मेशची क्वालिटी सुधार, एरर आपोआप सुधारेल.' माझा प्रश्न असा: क्वालिटीचा आकडा आणि एरर यांचं नातं नक्की काय? आणि मेश मुळात ताणलेली असेल तर रिचर्डसन (दोन-तीन मेशच्या उत्तरांवरून अतिबारीक मेशचं उत्तर ताडणं), जीसीआय वगैरे लावण्यात अर्थ आहे का?


घावन
सोमवार, रात्री ११:३२

'जाळीदार' आयडी आणि 'जाळी कशी हवी' असा प्रश्न बघून पाककृती असेल म्हणून आत आलो. तवा पुरेसा तापलेला नसेल तर जाळी पडत नाही एवढंच सांगून रजा घेतो.


काटकोन
मंगळवार, सकाळी ६:५०

घावन, तापमानाचाच प्रश्न आहे, तुम्ही अगदीच चुकला नाहीत.

जाळीदार, तुमच्या पहिल्या प्रश्नाला पेन्सिल-कागदावर उत्तर आहे. मी गणित शिकवते, सीएफडीतलं फार कळत नाही, पण हे दोन त्रिकोण करून बघाच.

पहिला त्रिकोण: शिरोबिंदू (०, ०), (१, ०), (०, ०.०१). काटकोनी आणि भयंकर चपटा, ॲस्पेक्ट रेशो १००. त्यावर क्ष-वर्ग हे फलन घ्या आणि तीन टोकांच्या किमतींतून सपाट पातळी बसवा. किमती ०, १, ०. क्ष दिशेचा उतार १, य दिशेचा उतार ०. खऱ्या फलनाचाही य दिशेचा उतार ० आहे. काही बिघडलं नाही.

दुसरा त्रिकोण: (०, ०), (१, ०), (०.५, ०.०१). तेवढाच चपटा, फक्त टोक मधोमध सरकवलं, म्हणजे वरचा कोन जवळजवळ १८० अंशांचा. किमती ०, १, ०.२५. पण पायाच्या मध्यावर सपाट पातळी ०.५ दाखवते. म्हणजे ०.०१ एवढं वर चढताना ०.२५ ने खाली यायचं. य दिशेचा उतार उणे २५! जिथे खरं उत्तर शून्य आहे तिथे.

दोन्ही त्रिकोण सारखेच 'वाईट' दिसतात. एक निरुपद्रवी, दुसरा घात करणारा. लहान कोन हा गुन्हा नाही, मोठा कोन हा गुन्हा आहे. १९६८ मध्ये झ्लामालने 'किमान कोन फार लहान होऊ देऊ नका' अशी अट मांडली होती. ती पुरेशी होती पण गरजेपेक्षा कडक. बाबुश्का आणि अझीझ यांनी १९७६ मध्ये दाखवलं की कमाल कोन १८० पासून दूर ठेवला की पुरतं. सिंजने तर १९५७ मध्येच तसा अंदाज सिद्ध करून ठेवला होता. बरीच मेशिंग सॉफ्टवेअरं अजून लहान कोनावरही लाल रंग मारतात, याची गंमत वाटते.


कीस_काढणारा
मंगळवार, सकाळी ९:१५

ताई, किंचित कीस. कमाल कोनाची अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. २०१२ मध्ये हनुकाइनेन, कोरोतोव आणि क्रिझेक यांनी हे दाखवलं. चांगल्या त्रिकोणांचीच पुन्हा वाकडी विभागणी केली तर वाकडे त्रिकोण असूनही पद्धत अभिसारी (जाळी बारीक होईल तसं खऱ्या उत्तराकडे जाणारी) राहते, कारण चांगली जाळी तिच्या आत लपलेली असते.


काटकोन
मंगळवार, सकाळी ९:४०

मान्य. आयडीला जागलात.

आणि ज्याला दुसऱ्या त्रिकोणाची भीती डोळ्यांनी बघायची आहे त्याने दिवाळीचा घडीचा कागदी आकाशकंदील आठवावा. हेरमान श्वार्त्सने एकोणिसाव्या शतकात नेमका तोच दाखला दिला. नळकांड्याच्या पृष्ठभागावर बिंदू घ्यायचे, ते त्रिकोणांनी जोडायचे, आणि बिंदू वाढवत न्यायचे. वाटतं की त्रिकोणांचं एकूण क्षेत्रफळ नळकांड्याच्या क्षेत्रफळाकडे जाईल. घेरावर न बिंदू आणि उंचीत न-वर्ग पट्ट्या घेतल्या तर सगळे त्रिकोण बारीक होत जातात, प्रत्येक शिरोबिंदू नळकांड्यावरच असतो, आणि तरी त्रिज्या आणि उंची दोन्ही १ असताना क्षेत्रफळ खऱ्याच्या पाचपटीकडे जातं. पट्ट्या न-घन घेतल्या तर अनंताकडे. बारीक मेश म्हणजे बरोबर उत्तर असं म्हणणाऱ्या बॉसला एक कंदील भेट द्या.


वॉलफंक्शन
मंगळवार, दुपारी १:२०

ताईंचे प्रतिसाद वाचून चहा गार झाला. बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यातून थोडं.

जाळीदार, दुसरा प्रश्न आधी घेऊ. एकच माहिती दे: तिन्ही मेशमध्ये एकूण सेल किती?


जाळीदार
मंगळवार, दुपारी १:३५

काका, ६ लाख, २७ लाख, १.३ कोटी.


वॉलफंक्शन
मंगळवार, दुपारी २:०५

वाटलंच. तीन मितींमध्ये प्रत्येक कड निम्मी केली तर सेल आठपट व्हायला हवेत. तुझे साडेचारपट, मग पावणेपाचपट झाले. म्हणजे प्रिझम थरांना तू हातच लावला नाहीस. पहिला थर ०.०१, दर १.२, थर १८, तिन्हींत तेच. पृष्ठभागावर दोन दिशांना बारीक केलंस, भिंतीच्या काटकोनात नाही. बरोबर?

मग तू रिचर्डसनला तीन वेगवेगळ्या माणसांचे फोटो दाखवून 'याचं वय वाढताना बघ' म्हणतोयस. ती पद्धत एकाच कुटुंबातल्या मेश मागते. जाड मेश सगळीकडून सारखी आक्रसली की बारीक मेश मिळायला हवी. लुइस फ्राय रिचर्डसनने १९११ च्या निबंधात दगडी धरणातल्या ताणांसाठी हे वापरलं तेव्हा त्याची जाळी चौकोनी होती, सगळीकडे सारखं अंतर, कुटुंबाचा प्रश्नच नव्हता. (अवांतर: ती आकडेमोड पोरांकडून उक्त्या दराने करून घ्यायचा आणि चुकलेल्या गणिताचे पैसे द्यायचा नाही. आपल्याकडे हा नियम आला तर अर्ध्या टीमचा पगार होणार नाही.)

रोचने १९९४ मध्ये जीसीआय मांडला तो या रिचर्डसनच्या खांद्यावर उभा आहे. तीन मेश असतील तर १.२५ चा सुरक्षा गुणक, दोनच असतील तर ३. पण गुणकाने अंदाज फुगतो, चुकीचं गृहीतक दुरुस्त होत नाही. काही लोक सेलसंख्येच्या गुणोत्तराचं घनमूळ घेऊन २ च्या जागी १.६५ वापरतात. तेही सर्व दिशांना सारखं बारीक केलं असेल तरच खरं.

दाबाची घट दोन ऑर्डरने छान आली कारण ती बहुतांशी वाहिनीच्या पोटातल्या प्रवाहावर आणि वळणांवर ठरत असावी, तिथे तू खरंच बारीक केलंस. तापमान भिंतीलगतच्या थरात ठरतं, तिथे काहीच बदललं नाही. उलट प्रिझमचा शेवटचा थर ०.२२ मिमीचा आणि त्याला लागून जाड मेशमध्ये २ मिमीची टेट (चार पृष्ठांचा, चतुष्फलकी सेल). नऊपट उडी. मधल्या मेशमध्ये साडेचारपट, बारीकमध्ये सव्वादोनपट. त्या सांध्यावरची चूक प्रत्येक मेशमध्ये वेगळ्याच प्रकारची आहे, म्हणून तापमान नाचतंय.


काटकोन
मंगळवार, रात्री ९:१०

काकांनी सांगितलं त्याच्या मागचं गणित छोटंसं आहे, लिहूनच टाकते.

एका ओळीतले तीन बिंदू घ्या, डावीकडचं अंतर ह१, उजवीकडचं ह२. दुसऱ्या विकलजाचं (डेरिव्हेटिव्हचं) नेहमीचं सूत्र लावलं तर त्रुटीचं पहिलं पद येतं (ह२ − ह१) भागिले ३, गुणिले तिसरं विकलज. अंतरं सारखी असतील तर हे पद उडतं आणि पुढचं, वर्गाचं पद उरतं. जाळी ताणलेली असेल तर उडत नाही.

मेश बारीक करताना दर १.२ तसाच ठेवून पहिला थर निम्मा केला आणि थर वाढवले, तर शेजारच्या दोन थरांतला फरक त्या थराच्या जाडीच्या २० टक्केच राहतो. म्हणजे हे पद पहिल्या घातानेच कमी होतं. खरी दुप्पट बारीक जाळी हवी असेल तर जुना प्रत्येक थर दोनात फोडायचा, आणि नवा दर १.२ चं वर्गमूळ, म्हणजे १.०९५. पहिला थर मग बरोबर निम्मा होत नाही. जुन्या जाडीला १ + १.०९५ ने भागायचं, ०.०१ चा ०.००४८ होतो. आता शेजारच्या थरांतला फरक दुसऱ्या घाताने कमी होतो आणि ताणलेल्या जाळीवरही दुसरी ऑर्डर परत मिळते.

थोडक्यात ताणणं हा दोष नाही, ताण गुळगुळीत असावा आणि जाळी बारीक करताना दराचंही वर्गमूळ घ्यावं. १८ थरांचे ३६, मग ७२.


जाळीदार
मंगळवार, रात्री १०:२५

१.२ चं वर्गमूळ! अकरा वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. आमच्या टेम्प्लेटमध्ये '१.२' लोखंडात कोरल्यासारखं आहे.

बारीक मेश ३.८४ कोटींची होणार. क्लस्टरवर रांग लावतो. दोन दिवस द्या.


रेती_खडी_सिमेंट
बुधवार, सकाळी ८:०५

सीएफडीवाल्यांच्या गप्पांत सिव्हिलवाल्याने तोंड घालू नये, पण तिरक्या एलिमेंटची (आमच्याकडे जाळीच्या तुकड्याला हेच म्हणतात) गोष्ट निघाली आणि स्लाइपनरचं नाव नाही म्हणजे काय?

२३ ऑगस्ट १९९१, नॉर्वे. स्लाइपनर-ए या वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया स्टॅव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये पाणी भरून हळूहळू खाली उतरवत होते, बॅलास्टची चाचणी. समुद्रात जिथे उभा राहायचा तिथे पाणी ८२ मीटर खोल. पायात २४ कोठ्या. तीन कोठ्या एकमेकींना टेकतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी राहते, तिला ट्रायसेल म्हणतात. त्या पोकळीत वरून समुद्राचं पाणी मोकळं, म्हणजे खोली वाढेल तसा आतून भिंतींवर दाब. ६५ मीटरला भिंत फुटली, पाणी आत घुसलं, आणि अख्खं धूड तळाला गेलं. आदळल्याचा धक्का भूकंपमापकांवर ३.० तीव्रतेचा नोंदला गेला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत काय निघालं? ट्रायसेलच्या भिंतीतला शिअर (कातरबल) नॅस्ट्रान या सॉफ्टवेअरमधल्या फायनाइट एलिमेंट विश्लेषणात ४७ टक्के कमी आला होता. मेश जाड, आणि नेमक्या त्या कोपऱ्यातले एलिमेंट तिरके. शिवाय भिंतीच्या कडेचा शिअर आतल्या एलिमेंटवरून बाहेर ओढून काढलेला. त्यावर भिंतीची जाडी ठरली, त्यावरच सळ्या ठरल्या, आणि टी-हेडच्या (टोकाला टी-आकाराचं डोकं असलेल्या) सळ्या आखूड पडल्या. नंतर नीट मेश करून तेच मॉडेल सोडवलं तर उत्तर आलं की भिंत ६२ मीटरला फुटेल. प्रत्यक्षात ६५. म्हणजे पद्धत ठीक होती, सॉफ्टवेअर ठीक होतं, समीकरणं ठीक होती. मेश वाकडी होती, आणि ती वाकडी आहे हे उत्तराकडे बघून कोणाला कळलं नाही.


फ्योर्डकाठची
बुधवार, दुपारी १२:४०

मी स्टॅव्हँगरलाच राहते. त्या पाण्याकाठून रोज ये-जा असते आणि पाहुण्यांना ही गोष्ट सांगायची माझी सवय आहे. रेती_खडी_सिमेंट, एक भर घालते: बदली पाया लगेच हवा होता, १९९३ मध्ये तिथून वायू सुरू व्हायचा होता आणि झालाही. तेव्हा मोठ्या संगणकी विश्लेषणाची वाट न बघता बरंचसं डिझाइन स्लाइड-रूलच्या काळातल्या हातगणिताने पुढे रेटलं गेलं, असं अभियंत्यांनीच लिहून ठेवलं आहे.


रेती_खडी_सिमेंट
बुधवार, दुपारी १:०५

हो, आणि ट्रायसेलची भिंत दोन टोकांना आवळलेली तुळई समजून पाच मिनिटांत हातगणित केलं असतं तरी शिअरचा आकडा संशयास्पद दिसला असता. माझ्या मते एरर एस्टिमेटरच्या आधी लिफाफ्याच्या पाठीवरचं गणित सक्तीचं करावं.


कीस_काढणारा
बुधवार, दुपारी ३:५०

पण स्ट्रक्चरलवाल्यांकडे एस्टिमेटर (त्रुटीचा अंदाज काढायची पद्धत) होताच की. झिंकिविच आणि झू यांचा १९८७ चा. आजही पोस्ट-प्रोसेसरमध्ये 'स्ट्रेस एरर' म्हणून जे रंगीत चित्र येतं त्याचं मूळ तेच. तो तिरक्या एलिमेंटवर का चालत नाही हे कोणी सांगेल का?


काटकोन
बुधवार, रात्री ८:३०

'चालत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. त्याची युक्ती अशी: एलिमेंटमधून थेट येणारा ताण ओबडधोबड, पायऱ्यापायऱ्यांचा असतो. शेजारच्या एलिमेंटांवरून तो गुळगुळीत करून घ्यायचा. गुळगुळीत ताण खऱ्याच्या जास्त जवळ असतो असं धरून, दोहोंतला फरक म्हणजे एरर म्हणायचं. सरळ, नियमित जाळीवर काही ठरावीक बिंदूंवर ताण अपेक्षेपेक्षा अचूक येतो, आणि गुळगुळीत करताना त्या पुण्याईचा फायदा मिळतो.

जाळी तिरकी झाली की ती पुण्याई संपते. कच्चा ताणही चुकीचा, गुळगुळीतही चुकीचा, आणि दोघे एकाच बाजूला चुकले तर त्यांच्यातला फरक लहान. दोन साक्षीदार एकाच माणसाने पढवलेले असले तर त्यांच्या जबानीत विसंगती कुठून सापडणार? भिंतीच्या जाडीत दोन-तीनच एलिमेंट असतील तर गुळगुळीत करायलाही काही नसतं.

उरलेल्या बाकीवरून, म्हणजे रेसिड्यूअलवरून काढलेल्या एस्टिमेटरांची अडचण वेगळी. त्यात 'एलिमेंटचा आकार' असा एक आकडा लागतो. चपट्या एलिमेंटचा आकार म्हणजे लांबी की जाडी? लांबी धरली तर अंदाज भरमसाट फुगतो, जाडी धरली तर हाताशी काहीच राहत नाही. केम्निट्झच्या कुनर्टने १९९९ च्या प्रबंधात यावर सुंदर काम केलं. त्याचं म्हणणं असं की जाळीचा ताण आणि उत्तराचा ताण यांची दिशा जुळते का हे मोजा. जुळली तर अंदाज घट्ट, नाही जुळली तर अंदाजही सैल होतो आणि किती सैल तेही कळतं. माझ्या दोन त्रिकोणांचंही तेच होतं. एलिमेंटचा 'स्वभाव' उत्तराशिवाय ठरत नाही. लग्न जुळवण्यासारखं आहे, एकाचीच पत्रिका बघून काय करणार?


घावन
बुधवार, रात्री ८:५५

पत्रिकेवर विश्वास नाही, पण या धाग्यावर बसायला लागलंय. वा.खू.सा. (वाचनखूण साठवली).


जाळीदार
शुक्रवार, रात्री ९:४५

निकाल आले. नवीन कुटुंब: १८, ३६, ७२ थर, दर १.२, १.०९५, १.०४७. सेल ६ लाख, ४८ लाख, ३.८४ कोटी.

कमाल तापमान: ६९.१, ७०.३, ७०.७. नाच थांबला! ऑर्डर १.५८.

जीसीआय टक्क्यांत काढताना एक शहाणपण सुचलं. ७०.७ ने भागलं तर टक्के सेल्सिअसच्या शून्यावर अवलंबून राहतात, आणि त्या शून्याचा माझ्या प्लेटशी संबंध काय? म्हणून आत येणाऱ्या द्रवाच्या २५ अंशांपासूनची वाढ घेतली, ४५.७. जीसीआय ०.५५ टक्के, म्हणजे पाव अंश. रिपोर्टमध्ये '७०.७, कमी-अधिक ०.२५' असं लिहू का?


वॉलफंक्शन
शुक्रवार, रात्री १०:३०

थांब, लिहू नकोस. ग्रेडियंट स्कीम (सेलमधला उतार काढायची पद्धत) कुठली आहे?


जाळीदार
शुक्रवार, रात्री १०:३४

लीस्ट स्क्वेअर्स, शेजारच्या सेलच्या किमतींना सर्वांत जवळून जाणारा उतार बसवणारी. आमच्या सॉल्व्हरमध्ये दोन जाती आहेत, वेटवाली आणि बिनवेटाची. टेम्प्लेटमध्ये बिनवेटाची आहे.


वॉलफंक्शन
शुक्रवार, रात्री ११:२०

मग ऐक. हे मला मॅव्रिप्लिसच्या २००३ च्या निबंधातून कळलं आणि त्यानंतर आठवडाभर जुने रिपोर्ट उघडून बघत होतो.

तुझं वळण १० मिमी त्रिज्येचं. जाड मेशमध्ये भिंतीलगतचा सेल २ मिमी लांब, ०.०१ मिमी जाड. भिंत वळते, म्हणून शेजारच्या सेलचा मध्यबिंदू तुझ्या सेलच्या पातळीत नसतो, ०.२ मिमी खाली गेलेला असतो. सेलच्या जाडीच्या वीसपट! एकाच मजल्यावरचा शेजारी म्हणून दार उघडावं आणि तो वीस मजले खाली उभा असावा.

आता भिंतीपासूनच्या अंतरानुसारच बदलणारं फलन घे, खरा उतार १. वरचा-खालचा शेजारी सांगतात: ०.०१ वर गेलं की ०.०१ ने वाढ. डावा-उजवा शेजारी भिंतीपासून तुझ्याएवढ्याच अंतरावर, ते सांगतात: ०.२ खाली आलो पण फरक शून्य. बिनवेटाच्या पद्धतीत चौघांचं मत वर-खालच्या अंतराच्या वर्गाने तोललं जातं, लांबच्यांचा आवाज मोठा. उतार येतो १ भागिले (१ + २० चा वर्ग), म्हणजे ४०१ वा भाग. खऱ्याच्या पाव टक्का!

अंतराच्या वर्गाने भागून वेट दिलं तर जवळच्यांचं ऐकलं जातं आणि तोच उतार ०.९९ येतो. एका चौकटीत टिक मारायचा फरक.

तुझ्या नव्या कुटुंबात लांबी आणि जाडी जवळजवळ सारखी निम्मी होते, म्हणून तो वीसचा आकडा २०, १०, ५ असा उतरतो. बारीक मेशवरसुद्धा वळणावरचा भिंतीलगतचा उतार सव्वीसाव्या भागाइतकाच. भिंतीवरचा उष्णतेचा प्रवाह सॉल्व्हर थेट दोन बिंदूंच्या फरकातून काढतो म्हणून तुझं उत्तर पूर्ण कोसळलं नाही. पण टर्ब्युलन्सची निर्मिती आणि फेसवरची (दोन सेलमधल्या पृष्ठावरची) पुनर्रचना याच ग्रेडियंटवर चालते. १.५८ ही ऑर्डर म्हणजे दोन आणि 'अजून सुरुवातही नाही' यांची भेळ असू शकते.


काटकोन
शनिवार, सकाळी ७:१५

हे तपासायला सोपी चाचणी: मेशवर एखादं ओळखीचं रेषीय क्षेत्र टाका, समजा क्ष अधिक २ य, आणि ग्रेडियंट काढा. उत्तर १ आणि २ यायलाच हवं. जिथे येत नाही ते सेल रंगवा.


वॉलफंक्शन
शनिवार, सकाळी १०:००

ताई, इथे मात्र फसाल. रेषीय क्षेत्रावर लीस्ट स्क्वेअर्स कुठल्याही मेशवर शंभर टक्के पास होते, बिनवेटाचीसुद्धा. ती त्यासाठीच बनवली आहे. उलट साधी ग्रीन-गाउस (फेसवरच्या सरासरींतून उतार काढणारी पद्धत) तिरक्या सेलवर नापास होईल, कारण फेसवरची सरासरी फेसच्या मध्यावर पडतच नाही. म्हणजे ती चाचणी जिथे आजार आहे तिथे निरोगी सांगेल. भिंतीपासूनचं अंतर हेच क्षेत्र म्हणून टाकावं, थराच्या स्वभावाला साजेसं.


काटकोन
शनिवार, सकाळी १०:२०

बरोबर, माझी चूक. फिलेटपाशी तिरके सेल पकडायला माझी, वळणापाशी चपटे पकडायला तुमची. दोन्ही करा. आणि पूर्ण समीकरणासह तपासायचं असेल तर मॅन्युफॅक्चर्ड सोल्यूशन्स, स्टाइनबर्ग आणि रोच, १९८५: उत्तर आधी ठरवायचं, ते समीकरणात घालून उरलेली बाकी उगमपद म्हणून द्यायची, आणि सॉल्व्हरला ते उत्तर परत सापडतं का बघायचं. तुमच्या खऱ्या, वाकड्या मेशवरच करा. चौकोनी ठोकळ्यावर सगळेच पास होतात.


जाळीदार
रविवार, रात्री ११:५५

भिंतीपासूनच्या अंतराची चाचणी केली. वळणांवर ग्रेडियंट अक्षरशः शून्याच्या रंगात. सरळ भागात एकदम १. चित्र बघून पोटात गोळा आला, गेली तीन वर्षं हीच टेम्प्लेट वापरतोय.

रेषीय चाचणीसाठी ग्रीन-गाउस चालू करून बघितली. फिलेटपाशी १४० सेल उठून दिसले. त्यातले ९० चेकमेशच्या (मेशची क्वालिटी तपासणाऱ्या साधनाच्या) ७० अंशांच्या आणि स्क्यूनेस ४ च्या मर्यादेत व्यवस्थित बसत होते. बॉसला हेच चित्र दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

वेट चालू करून बारीक मेश पुन्हा सोडवली: ७१.६५. म्हणजे एका टिकमुळे ०.९५ अंश हलले, आणि मी कमी-अधिक ०.२५ लिहायला निघालो होतो.

वेटसह पूर्ण कुटुंब: ७०.५, ७१.४, ७१.६५. ऑर्डर १.८५, जीसीआय ०.१२ अंश.


वॉलफंक्शन
सोमवार, सकाळी ९:०५

छान. आता रिपोर्टमध्ये ०.१२ लिहिणार?


जाळीदार
सोमवार, सकाळी ९:२०

नाही काका. फिलेटचे १४० सेल अजून आहेत, आणि कमाल तापमानाचा बिंदू त्यांच्यापासून ४ मिमीवर आहे. तिथली मेश हाताने नीट करून पुन्हा चालवतोय. तोपर्यंत ग्राहकाला '७१.६५, मेशमुळे कमी-अधिक ०.५, तात्पुरतं' असं कळवलंय, आणि ०.५ कुठून आला ते एका परिच्छेदात लिहिलंय. जुन्या तीन वर्षांच्या रिपोर्टांची यादी पण काढली आहे. वळणाची त्रिज्या आणि सेलची लांबी-जाडी टाकून तो मजल्यांचा आकडा प्रत्येकाचा काढतोय. आतापर्यंत सात बघितले. दोघांत १ पेक्षा कमी आहे, त्यांना हात लावायची गरज नाही. उरलेल्या पाचांपैकी एकात ३४ आला.


रेती_खडी_सिमेंट
सोमवार, सकाळी ९:४१

त्या ३४ वाल्यात काय होतं?


जाळीदार
सोमवार, सकाळी ९:५०

तीही कूलिंग प्लेटच, टूलिंग (उत्पादनाचे साचे वगैरे) झालंय. आज दुपारी त्यांना फोन करायचा आहे.